कोड, कायदा आणि खडू : मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांचे नेतृत्व कोणत्या पेशातून येते?

प्रश्न काय आहे

मालवणच्या जेटीवरच्या माणसाच्या हातात अँड्रॉइड मोबाइल असेल तर त्याच्या आत लिनक्स कर्नल चालू असते. कुडाळ-कणकवलीच्या महाविद्यालयांत कोणी फायरफॉक्स उघडते, कोणी व्हीएलसीवर व्हिडिओ पाहते, कोणी लिब्रेऑफिसमध्ये अर्ज लिहिते. हे सारे मुक्त सॉफ्टवेअर आहे : ते कोणालाही वापरता येते, त्याचा सोर्स कोड वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेली प्रत पुढे देता येते. यातले बरेचसे सॉफ्टवेअर सांभाळण्याचे काम नफा वाटून न घेणाऱ्या संस्था करतात. फायरफॉक्समागे मोझिला फाउंडेशन आहे, लिब्रेऑफिसमागे बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन आणि व्हीएलसीमागे फ्रान्समधली व्हिडिओलॅन. या चळवळीचा वैचारिक पाया घालणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अमेरिकेत बॉस्टनमध्ये उभी राहिली, आणि तिची भारतीय भगिनी संस्था २००१ साली तिरुवनंतपुरममध्ये.

या संस्था चालवणारी माणसे मूळची कोण, प्रोग्रामर, वकील, व्यवस्थापक की शिक्षक, हा प्रश्न गेली दोन दशके चर्चेत आहे. बहुतेक संस्थांत पगारी माणसे मोजकी असतात आणि नेत्याचे शिक्षण व पूर्वानुभव संस्थेच्या अग्रक्रमांवर थेट उमटतात. संस्था परवान्यांच्या खटल्यांवर खर्च करणार की प्रशिक्षणावर, इंग्रजीतच बोलणार की मराठीतही, हे पुष्कळदा नेत्याच्या पेशावरून ठरते. या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या प्रमुख भूमिका आणि अजून न सुटलेले मुद्दे यांचा हा आढावा आहे. महाराष्ट्र आणि शेजारच्या गोव्याचा अनुभव त्यात मुद्दाम मध्यभागी ठेवला आहे.

पार्श्वभूमी : प्रयोगशाळेपासून विश्वस्त मंडळापर्यंत

चळवळीची पहिली पिढी संशोधनसंस्था आणि विद्यापीठांतून आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७४ मध्ये हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत प्रोग्रामर म्हणून काम केले. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाली. १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स आणि १९९३ मध्ये डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली सुरू करणारे इयन मर्डॉक हे दोघे तेव्हा विद्यार्थी होते. या काळात संस्थेची कामे साधी होती : कोड लिहायचा, टेपवर किंवा सीडीवर त्याच्या प्रती पाठवायच्या, देणग्या घ्यायच्या. लिहिणारा आणि चालवणारा एकच असला तरी अडत नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चित्र बदलले. मोठ्या कंपन्या हे सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनांत वापरू लागल्या, तेव्हा परवान्याच्या अटी पाळल्या जातात का हा न्यायालयीन प्रश्न झाला. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांनी २००५ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर उभारले. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली, तिच्या मसुद्यातही त्यांचा मोठा वाटा होता. मोझिलाचे नेतृत्व दीर्घकाळ करणाऱ्या मिचेल बेकर मूळच्या वकील. भारतात २०१० मध्ये सुरू झालेल्या एसएफएलसी डॉट इन या संस्थेच्या संस्थापक मिशी चौधरी याही वकीलच.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या कार्यकारी संचालकांची ओळ पाहिली तर हा बदल एकाच संस्थेत दिसतो. २००१ ते २००५ या काळात ब्रॅडली कून हे संगणकशास्त्राचे पदवीधर त्या पदावर होते. त्यांच्यानंतर आलेले पीटर ब्राउन बीबीसी आणि ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ येथे अर्थ व व्यवस्थापनाचे काम करून आलेले. २०११ पासूनचे जॉन सलिव्हन तत्त्वज्ञान आणि सर्जनशील लेखन शिकलेले. २०२२ मध्ये सूत्रे घेतलेल्या झोई कॉयमन कार्यक्रम व प्रकल्प व्यवस्थापनातून आलेल्या. युरोपातील भगिनी संस्थेतही पहिले अध्यक्ष गेऑर्ग ग्रेव्ह भौतिकशास्त्राचे होते आणि २०१५ पासूनचे मथियास किर्शनर राज्यशास्त्र व प्रशासन शिकलेले आहेत. संस्था मोठ्या होत गेल्या तशी कोडबाहेरची कौशल्ये नेतृत्वाच्या खुर्चीपर्यंत पोहोचली, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

महाराष्ट्र आणि गोवा : पगार एकीकडे, चळवळ दुसरीकडे

आपल्याकडची ओळ वेगळी आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे नेतृत्व दीर्घकाळ मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. यांच्याकडे होते. त्यांचे शिक्षण जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे, आणि नोकरी विज्ञान-शिक्षणाच्या संशोधनाची. आयआयटी मुंबईतील फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पांचे प्रमुख राहिलेले कण्णन मौद्गल्य हे रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक. मराठीसह अनेक भारतीय भाषांत छोटे ध्वनिचित्रपाठ तयार करून खेड्यातल्या महाविद्यालयापर्यंत मुक्त सॉफ्टवेअर पोहोचवण्याची ही कल्पना वर्गात शिकवणाऱ्या माणसाला सुचावी, यात नवल नाही. भारतीय भाषांच्या संगणकीकरणात राबलेले जितेंद्र शहा यांनी व्हीजेटीआयमध्ये अध्यापन केले.

शिक्षकांखालोखाल पत्रकार दिसतात. लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स उपक्रमाच्या संस्थापकांपैकी वेंकटेश हरिहरन हे मुंबईतले तंत्रज्ञान-पत्रकार. पुढे सॉफ्टवेअर पेटंटच्या विरोधातली बाजूही त्यांनी लावून धरली. २००४ च्या अखेरीस आलेल्या अध्यादेशातली सॉफ्टवेअर पेटंटला वाट देणारी तरतूद २००५ च्या कायद्यात गळाली, त्यामागे डाव्या पक्षांपासून तंत्रज्ञांपर्यंत अनेकांचा रेटा होता आणि तो रेटा लोकांना समजेल अशा भाषेत मांडणाऱ्यांची गरज होती. गोव्यात साळगावचे फ्रेडरिक नरोन्हा यांनी पत्रकार म्हणूनच या चळवळीच्या नोंदी ठेवल्या आणि माणसे जोडली.

तिसरा गट कलावंतांचा. जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक, पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक आणि मराठी कवी असलेले र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत त्यांनी घडवलेला ‘रघु’ फॉन्ट मुक्त परवान्याने बाहेर पडला. पाठोपाठ रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त केले, आणि कंपनीच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी ते व मराठी भाषांतरे सांभाळली. चौथा गट स्वतःची गरज घेऊन आलेल्यांचा. मुंबईचे दृष्टिहीन प्रोग्रामर कृष्णकांत माने यांनी हिशेबासाठी ‘ग्नूखाता’ उभे केले. पाचवा आणि अलीकडचा गट उद्योजकांचा आहे. फॉस युनायटेड या संस्थेमागे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे रुषभ मेहता आणि झिरोधाचे तंत्रप्रमुख कैलाश नाध आहेत. झिरोधाने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधीही जाहीर केला.

या पाचही गटांत एक गोष्ट समान आहे. पगार कुठल्या तरी सरकारी संस्थेचा, वृत्तपत्राचा किंवा कंपनीचा आणि चळवळीचे काम त्याच्या आधाराने. अमेरिका-युरोपात मुक्त सॉफ्टवेअरची संस्था चालवणे हाच ज्यांचा पेशा आहे असा वर्ग तयार झाला. महाराष्ट्रात तो जवळजवळ झालाच नाही. त्यामुळे आपल्याकडे नेत्याची पार्श्वभूमी ही केवळ चरित्रातली नोंद राहत नाही, संस्थेचे आयुष्य किती हेही तिच्यावरून ठरते.

पहिली भूमिका : नेता कोड जाणणाराच हवा

या मताचे लोक तीन कारणे देतात. सॉफ्टवेअरच्या संस्थेत खरी सत्ता कोड लिहिणाऱ्या स्वयंसेवकांकडे असते, आणि स्वयंसेवक हुकूम ऐकत नाहीत, ज्याच्या कामाबद्दल आदर वाटतो त्याचे ऐकतात. दुसरे, कोणते काम दोन दिवसांचे आणि कोणते दोन वर्षांचे, हे न कळणारा नेता चुकीची आश्वासने देतो. तिसरे, बाहेरून आलेला व्यवस्थापक मूल्यांपेक्षा वाढीकडे पाहील अशी भीती असते.

डेबियन हे या भूमिकेचे सर्वांत भक्कम उदाहरण. तिथे प्रकल्पनेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो आणि मतदार स्वतः प्रकल्पात काम करणारे असतात. तरीही २०२४ मध्ये निवडून आलेले आंद्रेआस टिले शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ आहेत आणि वैद्यकीय वापरासाठीचा डेबियन मेड हा उपक्रम त्यांनी सुरू केला आहे. म्हणजे इथे पदवीपेक्षा प्रकल्पात केलेल्या कामाला किंमत आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्येही २०२१ मध्ये विश्वस्त मंडळावर कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीची जागा निर्माण झाली. त्या जागेवर आलेले प्रणाली-प्रशासक इयन केलिंग २०२५ मध्ये अध्यक्ष झाले.

दुसरी भूमिका : संस्था चालवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे

या मताची बाजू महाराष्ट्रातल्या कोणत्याही विश्वस्ताला लगेच पटेल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झाली की दरवर्षीचे लेखापरीक्षण आले, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट आला. देणगीदाराला करसवलत द्यायची तर आयकर खात्याची वेगळी नोंदणी लागते. परदेशातून एक रुपया घ्यायचा तरी २०१० च्या परकीय अंशदान कायद्याची परवानगी लागते, आणि मुक्त सॉफ्टवेअरला मिळणारा बराच निधी परदेशी असतो. उत्तम प्रोग्रामर हे सारे शिकू शकतो, पण तेवढा वेळ तो कोडपासून दूर जातो.

कायद्याच्या जाणकारांचे यश ठळक आहे. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकी संस्थेच्या प्रमुख कॅरन सँडलर अभियांत्रिकी शिकून वकील झाल्या. त्यांच्या शरीरात हृदयाचे यंत्र आहे आणि त्या यंत्रातला कोड आपल्याला वाचता का येत नाही, हा प्रश्न त्या जाहीरपणे मांडत आल्या आहेत. दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या व्हिझिओ कंपनीविरुद्ध २०२१ मध्ये त्यांच्या संस्थेने ग्राहकाच्या नात्याने दावा केला. वापरणाऱ्यालाही परवान्याच्या आधारे सोर्स कोड मागता येतो, ही मांडणी तयार व्हायला कायद्याचे शिक्षण लागते. मात्र ही वाट वकिलांचीच नाही. जर्मनीत हाराल्ड वेल्टे या प्रोग्रामरने २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयातून जीपीएलच्या बाजूने आदेश मिळवला होता.

या भूमिकेची कसोटी लिनक्सवरचा नोम डेस्कटॉप सांभाळणाऱ्या नोम फाउंडेशनमध्ये लागली. २०२३ मध्ये हॉली मिलियन या ना-नफा क्षेत्रातल्या दीर्घ अनुभवी पण सॉफ्टवेअरबाहेरच्या व्यक्तीला कार्यकारी संचालक नेमण्यात आले, आणि २०२४ च्या जुलैअखेर त्या पदावरून गेल्या. बाहेरचा माणूस टिकत नाही असा निष्कर्ष काहींनी त्यावरून काढला. पण फाउंडेशनची तूट त्यांच्या नेमणुकीआधीपासून चालत आली होती. एका उदाहरणावर पेशाचा निवाडा करणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

तिसरी भूमिका : ज्याला गरज, त्याचे नेतृत्व

तिसरे मत सांगते की, सॉफ्टवेअर ज्या कामासाठी आहे त्या कामातल्या माणसाने पुढे असावे. ग्रंथालयांसाठीचे ‘कोहा’ न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या ग्रंथालय न्यासाने तयार करवून घेतले आणि २००० पासून ते वापरात आले. मागणी ग्रंथपालांची होती, कोड एका छोट्या कंपनीने लिहिला. आज जगभरची ग्रंथालये ते वापरतात. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे या दोन दृष्टिहीन तरुणांनी ना-नफा संस्था काढून उभे केले. रुग्णालयांसाठीच्या ‘ग्नू हेल्थ’मागचे लुइस फाल्कोन संगणकशास्त्र आणि वैद्यक दोन्ही शिकलेले. ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा न्यूझीलंडमधल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी सुरू केली.

भारतातले याचे सर्वांत मोठे उदाहरण केरळचे. तिथला ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि शिक्षक संघटनांच्या आग्रहामुळे मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला. महाराष्ट्रात त्याच सुमारास एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लाखो लोक संगणक शिकले, आणि शिकले ते मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. संगणक घरोघरी ओळखीचा करण्यात या अभ्यासक्रमाचा वाटा मोठा आहे. मात्र शाळेतला शिक्षक निर्णयाच्या जागी असला की साधनाची निवड बदलू शकते, हे या दोन राज्यांच्या तुलनेतून दिसते.

पुरावा कुठे नेतो

तिन्ही भूमिका शेजारी ठेवल्या की त्या परस्परविरोधी कमी आणि वेगवेगळ्या टप्प्यांच्या जास्त वाटतात. सॉफ्टवेअर जन्माला येताना कोड जाणणारा पुढे असतो. ते पसरले आणि त्यावर इतरांचे हितसंबंध बसले की वकील आणि हिशेबनीस लागतात. ते गावापर्यंत न्यायचे तर शिक्षक, ग्रंथपाल, पत्रकार आणि अक्षररेखक लागतात. संस्था अडखळते ती बहुधा नेत्याच्या पेशामुळे नव्हे. टप्पा बदलूनही मंडळावरचे पेशे बदलत नाहीत, तिथे ती अडखळते.

कोकणाला हे सांगायला परदेशी दाखला नको. कोकण रेल्वेची मागणी राजापूरचे खासदार म्हणून लोकसभेत लावून धरणारे नाथ पै बॅरिस्टर होते, त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून ती पुढे नेणारे मधु दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचे प्रमुख म्हणून मार्ग बांधणारे ई. श्रीधरन स्थापत्य अभियंता. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. श्रीधरन यांच्याशिवाय बोगदे झाले नसते आणि नाथ पै-दंडवते यांच्याशिवाय त्यांना काम मिळाले नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, सर्वांना जागा दिली तर मूल्ये पातळ होतात आणि संस्था समित्यांत अडकते. आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय पेशा पाहून माणसे गाळणे हा नाही. डेबियनने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार लिहून काढला, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने केलेली मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्याही लिखित आहे. मूल्ये कागदावर स्पष्ट असली की लेखनाचा पदवीधरही ती सांभाळतो, आणि ती नसली तर निष्णात प्रोग्रामरही सोडून देऊ शकतो. दुसरा आक्षेप असा की, छोट्या संस्थेला एवढे पेशे परवडत नाहीत. पण विश्वस्तपद बहुधा बिनपगारी असते. गावच्या देवस्थानाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या मंडळावर सीए, वकील आणि निवृत्त मुख्याध्यापक असतातच, तेच इथेही शक्य आहे. तिसरा आक्षेप संस्थापकांविषयीचा आहे : त्यांची नैतिक ताकद पदाला बांधून ठेवता येत नाही. स्टॉलमन यांचा २०१९ चा राजीनामा, २०२१ मधले मंडळावरचे पुनरागमन आणि त्यावरून झालेला तीव्र वाद यांनंतर त्या संस्थेने विश्वस्त निवडीची पद्धत बदलली. संस्थापकाचे मोल कितीही असले तरी नेतृत्व हस्तांतराचा नियम आधी लिहिलेला असावा, हा धडा दोन्ही बाजूंना मान्य व्हावा असा आहे.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न वेतनाचा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, पण धोरणातून सॉफ्टवेअरची मागणी वाढते, ते सांभाळणाऱ्या संस्थांचा पगार त्यातून आपोआप उभा राहत नाही. प्रकल्पनिधीवर चालणारे काम निधीच्या मुदतीशी बांधलेले असते आणि प्राध्यापकाचे काम त्याच्या निवृत्तीशी.

दुसरा प्रश्न कंपन्यांचा. उद्योजकांचा निधी आल्याने कामाला वेग येतो. त्याच वेळी, निधी देणारे आणि दिशा ठरवणारे एकच असावेत का, हे ठरायचे आहे. तिसरा प्रश्न कोण आत येते याचा. २००२ च्या युरोपीय पाहणीत मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १ टक्का आढळले होते. बेकर, सँडलर, कॉयमन, चौधरी यांची नावे पाहिली तर कायदा आणि व्यवस्थापनाच्या दारातून स्त्रिया नेतृत्वात आल्या, कोडच्या दारातून कमी. म्हणजे ‘नेता प्रोग्रामरच हवा’ हा नियम कोणाला बाहेर ठेवतो, याचाही हिशेब मांडावा लागेल. चौथा प्रश्न भाषेचा आणि भूगोलाचा. वर आलेली महाराष्ट्रातली जवळजवळ सर्व नावे मुंबई-पुण्याच्या परिघातली आहेत आणि चर्चेची भाषा इंग्रजी आहे.

सिंधुदुर्गासाठी याचा अर्थ

या जिल्ह्यात सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग नाही, पण तिसऱ्या भूमिकेला लागणारी माणसे भरपूर आहेत. दहावीच्या निकालात राज्यात वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहणाऱ्या कोकण विभागाचे शिक्षक इथे आहेत. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आणि मालवणचे नगर वाचन मंदिर यांच्यासारखी जुनी ग्रंथालये आहेत. पतसंस्था आणि मच्छीमार सोसायट्यांचे हिशेब सांभाळणारे आहेत, छापखान्यांत देवनागरी अक्षरजुळणी करण्यात आयुष्य घालवलेले आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेत आपले काय काम, असा संकोच यांच्यापैकी कोणी करू नये. ग्रंथपालाने कोहाच्या मराठी भाषांतरातली चूक दाखवणे, शिक्षकाने स्पोकन ट्युटोरियलचा पाठ तपासणे, हिशेबनिसाने एखाद्या संस्थेचे विश्वस्तपद घेणे ही नेतृत्वाचीच पहिली पायरी आहे. आणि ज्या संस्था मुंबई-पुण्यात आहेत त्यांनी पुढची विश्वस्त निवड करताना एक जागा जिल्ह्यातल्या शिक्षकासाठी किंवा ग्रंथपालासाठी राखावी. चाळीस वर्षांचा पुरावा त्या निर्णयाच्या बाजूने आहे.